कोर्ट कोणाच्या गावात?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एझ्रा पेंडल्टन नावाचा वकील होता. मिलफोर्क गावाने त्याला विधानसभेवर पाठवले होते. गावातल्या खाणावळी, तबेले, दुकाने सारी जिल्ह्याच्या कोर्टावर चालत. शेजारच्या गावचा आमदार कर्नल क्रेन याने ते कोर्ट आपल्याकडे न्यायचा ठराव विधानसभेत मांडला.

कर्नल मिशांवर हात फिरवत तासभर बोलला. "आमचे गाव म्हणजे देवमाणसांची वस्ती! दहा वर्षांत चोरी नाही, मारामारी नाही. आणि यांचे मिलफोर्क? नुसते दारुडे आणि भांडखोर!"

सगळे एझ्राकडे पाहू लागले. तो सावकाश उठला.

"कर्नलसाहेबांचा शब्द न् शब्द खरा आहे. आमच्याकडे रोज डोकी फुटतात. म्हणूनच विचारतो, धडधाकट माणसांच्या दारात दवाखाना कशाला? तो आजाऱ्यांजवळच राहू द्या की!"

सभागृहात हशा पिकला. सभापतींनी ठराव मताला टाकला, तसा कर्नल ताडकन उठला.

"थांबा, थांबा! आमच्याकडेही चोर आहेत हो! परवा माझीच घोडी पळवली!"

पण तोवर ठरावाविरुद्ध हात वर गेले होते.