चोचीएवढी फट

फार फार पूर्वी, वाटांपेक्षा झाडं जास्त असलेल्या एका रानात धनेश पक्ष्यांचं नवं जोडपं राहत होतं. धनेशीण भारी घाबरट. पान गळून पडलं तरी दचकायची आणि ते पानच होतं ना, हे बघायला दोनदा खाली जाऊन यायची.

तिची अंडी घालायची वेळ जवळ आली. धनेशांची रीत अशी, की मादी झाडाच्या ढोलीत बसते, चिखलाने दार आतून लिंपून घेते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. आत तिचे पंख झडतात. नवे फुटेपर्यंत नर फळं आणून त्या फटीतून भरवतो.

हे कळल्यावर धनेशिणीची झोपच उडाली. तिने नवऱ्याच्या आत्याला गाठलं. पंख नसताना कुणी आलं तर? यांना घरची वाट सापडली नाही तर? उंबरच फळले नाहीत तर? आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सूनबाई, मी बसले होते, माझी सासूही बसली होती. आम्हाला सांभाळणारा तो वरचा अजून म्हातारा झालेला नाही."

सूनबाईंना हे पटलं, पण अर्धंच. तिने आधी ढोलीत उंबरं साठवली. इतकी, की बसल्यावर तिची शेपूट बाहेर राहिली. उंबरं नासली, मुंग्या लागल्या, तेव्हा कुरकुरत ती फेकून दिली. मग दार लिंपलं, तेही अर्धंच. वेळ आली तर निसटता यायला हवं, असं तिने नवऱ्याला समजावलं. त्याचं तोंड फळांनी भरलेलं होतं.

दोन अंडी झाली. पंख झडले. एका दुपारी खोडावर खरखर झाली आणि त्या अर्ध्या दारातून घोरपडीने डोकं आत घातलं.

"दार छान ऐसपैस ठेवलंय हो," अंड्यांकडे बघत ती म्हणाली. "एरवी तुमच्याकडे फार अडचण होते."

धनेशीण उडायला गेली. दार होतं, पंख नव्हते. तिच्या इतक्या तयारीतलं काहीच कामाला येईना. ती अंड्यांवर पालथी पडली आणि डोळे मिटून पुटपुटली, "देवा, आता तूच बघ."

वरच्या फांदीवर एक लठ्ठ वानर निवांत पाला खात बसला होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. नेमकी तेव्हाच त्याच्या बुडाखालची फांदी मोडली आणि फांदीसकट तो घोरपडीच्या पाठीवर आदळला. दोघंही खाली झुडपात गेली. मग वानर एका दिशेला पळाला, घोरपड दुसऱ्या.

संध्याकाळी नवरा आला. धनेशीण म्हणाली, "अहो, आधी चिखल आणा."

"किती?"

"मिळेल तेवढा."

तिने दार लिंपलं, अगदी चोचीएवढी फट राहीपर्यंत. पुढे एकदा वादळात नवरा दोन दिवस अडकला. ती अंधारात दचकत राहिली, पण चिखलाच्या भिंतीला तिने चोच लावली नाही. दुसऱ्या दिवशी फटीतून एक उंबर आत आलं. पलीकडे आत्याबाईंची चोच होती.

काही आठवड्यांनी भिंत फुटली आणि नव्या पंखांची धनेशीण बाहेर आली. मागून दोन पिल्लं खाऊसाठी ओरडत होती.

तात्पर्य: देवाच्या मायेला आत यायला चोचीएवढी फट पुरते, मोठं दार आपण ठेवतो, ते भीतीपोटी.