पाच वीसचा पुरावा

पिंपरवेलला पॅसेंजर थांबणं बंद झालं आणि दोन वर्षांत स्टेशन रोडची रया गेली. चहाचं हॉटेल मिटलं, वह्या-पुस्तकांच्या दुकानात मोबाइल आले. गिरजाबाई कासारांचं बांगड्यांचं दुकान तेवढं तग धरून होतं. त्यांची लेक तीन स्टेशनं पलीकडे नांदत होती. पूर्वी दर गुरुवारी यायची, आता नुसता फोन.

थांबा परत मिळावा म्हणून शाळेत गावाची बैठक भरली. रेल्वेचे देवस्थळीसाहेब गुरकावले, "या गाडीची वाट इथं कुणीच बघत नाही. बघत असाल तर पुरावा दाखवा!"

गिरजाबाईंनी घड्याळ पाहिलं. "पुरावा पाच वीसला येईल साहेब. तोवर तुम्ही बोला."

साहेब आकडे वाचत राहिले. एवढ्यात शिट्टी झाली आणि पॅसेंजर न थांबता धडधडत निघून गेली. साहेबांनी वर पाहिलं, तर अख्खी बैठक खिडकीकडे मान वळवून बसलेली.

"रोज असंच होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "आता माना मोजा आणि कागदावर लिहा."

साहेबांनी खरंच लिहिलं. महिन्याभरात थांबा परत मिळाला.

गुरुवारी लेक उतरली. गिरजाबाई हौसेनं तिच्या हातात बांगडी चढवू लागल्या, तर ती सैल झाली. लेकीचं माप कधी बदललं, ते आईला कळलंच नव्हतं.