गोजाक्काची झाकणी

तर एकदा काय झालं, अख्खं जगच मोडलं. खरंच मोडलं, हसू नका! आधी वारा आला, मग पाणी आलं, मग आभाळभर धूळ. शहरं गेली, रस्ते गेले, बटण दाबलं की लागणारे दिवेही गेले.

मग एका टेकडीवर उरली गोजाक्का. म्हातारी, एकटी आणि महाखडूस. तिच्याजवळ होती एक चूल, आणि चुलीत विस्तव. साऱ्या मुलखात तेवढाच विस्तव, बरं का! बाकीचं सगळं लोकांनी लुटून नेलेलं. म्हणून ती चुलीपासून हलायची नाही. झोपायचीसुद्धा चुलीला पाठ लावून.

समोरच्या टेकडीवर राहायची सगुणा. तिची एक शेळी आणि लहानगी लेक मैना. थंडी पडली. मैना काकडली, खोकायला लागली. मग सगुणा आली विस्तव मागायला.

गोजाक्का म्हणाली, "चल, नीघ!"

दुसऱ्या दिवशी आली, तर म्हातारीनं दगडच उचलला. तिसऱ्या दिवशी सगुणानं विस्तव मागितलाच नाही. वाडगाभर दूध कुंपणाशी ठेवलं आणि गेली.

गोजाक्का दूध प्यायली. वाडगा घासला. आणि मग झाली की हो पंचाईत! दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं? तिच्या आईनं कधी केलं नव्हतं, सासूनंही नाही. पण घालायचं काय? घरात ना दाणा, ना मीठ. तिनं वाडग्यालाच शिव्या घातल्या. पालथा टाकला, पुन्हा उचलला. तेवढ्यात पलीकडून मैनाचं खोकणं ऐकू आलं. मग तिनं वाडग्यात राख पसरली, राखेत निखारा ठेवला, वर आपली झाकणी घातली आणि निघाली.

तिकडे चूल पेटली. मैना उबेत आली आणि गोजाक्काच्या मांडीवरच झोपली. आता झोपलेल्या लेकराला उठवणार कोण? म्हातारीही बसल्या बसल्या डुलकली.

सकाळी घरी येऊन बघते, तर तिची चूल थंडगार! राखेत ठिणगीसुद्धा नाही. गोजाक्कानं राख पुन्हा पुन्हा उकरली. फार रडली बिचारी.

मग कुंपणाशी हाक आली, "गोजाक्का, तुमची झाकणी राहिली होती हो."

सगुणा उभी होती. हातात झाकणी, झाकणीत राख आणि राखेत लालबुंद निखारा. रिकामी कशी आणणार होती ती तरी?

मग दोन टेकड्यांवर धूर दिसला. तो बघून तिसऱ्या टेकडीवरून येसबा आला, नाचणीचं बियाणं घेऊन. मग आणखी माणसं आली. शेतं झाली, घरं झाली, भांडी इकडून तिकडे फिरू लागली. गाव झालं! तिथं कुणाची चूल विझली तर कुणी रडत नाही, शेजारी जातं.

आणि गोजाक्का? ती आता चुलीकडं बघतसुद्धा नाही. मैनाला कुशीत घेते आणि खुशाल घोरते. चला, तुम्हीही मिटा डोळे. पांघरूण घ्या नीट.