उंच गाडी आणि निळं स्टूल

एका गावात एक भांडीवाला होता, आणि त्याच्या भांड्यांपेक्षा त्याच्या मताला गिऱ्हाईक जास्त होतं. वासुदेव तांबट त्याचं नाव. कुणाला मिक्सर घ्यायचा असो, पाण्याची मोटर घ्यायची असो की दातांचा डॉक्टर शोधायचा असो, लोक आधी वासुदेवच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि मगच पुढे जायचे. तोही स्पष्ट सांगायचा. स्वतःच्या दुकानातली कढई पातळ असली तर "ही नको, भाजी करपेल" म्हणून परत फळीवर ठेवायचा. गावात त्याचा शब्द चालत होता. तो शब्द कमवायला त्याला वीस वर्षं लागली होती. घालवायला एक वाक्य पुरलं, ते पुढे येईलच.

वासुदेवकडे एक जुनी, छोटी, ठेंगणी गाडी होती. दर गुरुवारी त्याची आई त्या गाडीतून नदीपलीकडच्या वाडीला आपल्या बहिणीकडे जायची. आईला सगळे आक्का म्हणत. वय पंचाहत्तरीच्या घरात, गुडघे दुखरे. पण गाडीचं दार उघडलं की ती पाठ करून सीटवर टेकायची, मग एकेक पाय आत घ्यायची आणि म्हणायची, "चल." तिकडे सोनामावशी भडंग करून वाट बघत असायची. दोघी बहिणी दुपारभर बसून साऱ्या नातेवाइकांची उणीदुणी काढायच्या आणि संध्याकाळी टवटवीत होऊन उठायच्या. आक्काचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा.

मग वासुदेवने जुनी गाडी देऊन मोठी घेतली. उंच, रुंद, काळी, छताला काचेची खिडकी असलेली. हौसेने घेतली, आणि हौस करण्यात काही गैर नाही. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, गल्लीभर पेढे वाटले. मग दुकानावरच्या घरातून आक्काला खाली बोलावलं.

आक्काने दार धरलं, पाय उचलला. पाय पोचेना. पाठ करून टेकायला गेली, तर सीट कमरेच्याही वर. वासुदेवने दुकानातून निळं प्लास्टिकचं स्टूल आणलं. एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने मुलाचा खांदा धरून ती कशीबशी चढली. "होईल सवय," वासुदेव म्हणाला. तिनेही मान हलवली. स्टूल डिकीत गेलं.

सवय काही झाली नाही. एका लग्नात, कार्यालयाच्या दारातच, उतरताना ते स्टूल सरकलं. आक्का पडली नाही, पण एक पाय गाडीत आणि एक हवेत अशी लोंबकळत राहिली. शेवटी वॉचमनने तिला मागून धरून खाली घेतलं. सगळं वऱ्हाड बघत होतं. पदर सावरत ती आत गेली आणि तिथे जेवलीही नाही. पुढच्या गुरुवारी म्हणाली, "आज नको. कंबर धरलीया." त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी काहीतरी निघालं.

तिसऱ्या गुरुवारी तिने स्वतःच फोन करून रिक्षा बोलावली. वासुदेव दुकानातून लगबगीने बाहेर आला.

"आक्का, दारात एवढी गाडी असताना तू रिक्षातनं निघालीस, तर लोक मला काय म्हणतील?"

आक्काने धरलेली रिक्षाची दांडी सोडली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "जा बाबा तू. माझंच चुकलं." आणि अकरा पायऱ्यांचा जिना चढून वर गेली. तिचे गुरुवार तिथेच थांबले.

मला विचाराल तर, गाडी चुकीची निवडली हा काही गुन्हा नव्हे. माणूस डोळ्यांनी बघून, हौसेने घेतो आणि फसतो. पण ती रिक्षा परत पाठवली, त्याला मी फसणं म्हणणार नाही. त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो वासुदेवलाही माहीत होता. म्हणून तर पुढे कितीतरी दिवस आक्काला जेवायला वाढताना तो खाली बघून वाढायचा.

गावाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक पायरीवर बसून विचारायचे, "वासुशेठ, कशी आहे गाडी?" वासुदेव सांगायचा, "राजा आहे राजा. वर बसून सगळा रस्ता दिसतो." लिटरला सोळा देते म्हणायचा. देत होती अकरा. बाजारात सहज वळते म्हणायचा. खरं तर भांडी गल्लीत शिरताना दोन्ही आरसे मिटून, श्वास धरून न्यावी लागायची. आयुष्यभर दुसऱ्यांना काय घ्यावं ते सांगितलेल्या माणसाची स्वतःचीच खरेदी फसली, हे त्याच्या तोंडून निघेना.

एक दिवस नेमिनाथ चौगुले दुकानात आला. नेमिनाथ म्हणजे वासुदेवचा शाळेपासूनचा मित्र. स्वतः हेडमास्तर होऊन नुकताच निवृत्त झाला होता. बायकोला, पद्मावतीला, साऱ्या तीर्थांना फिरवून आणायचं त्याने कबूल केलं होतं. तिला संधिवात होता. आयुष्यभर त्याच्या बदल्यांमागे फिरली होती. आता तिच्या मनासारखं फिरायचं, असं ठरलं होतं.

"वासू, तुझ्यासारखीच गाडी घ्यावी म्हणतो," नेमिनाथ म्हणाला. "बाकी सगळं मी बघितलंय. एकच सांग. आमच्या हिला चढा-उतरायला जमेल काय?"

आक्का तेव्हा दुकानाच्या कोपऱ्यात बसलेली होती. सकाळी ती खाली येऊन तिथे वाती वळत बसायची. वासुदेवने तिच्याकडे बघितलं नाही.

"काय त्रास नाही," तो म्हणाला. "आमची आक्का बसते की."

नेमिनाथ वळला. "होय आक्का? बसता?"

आक्काच्या हातातली वात तशीच राहिली. तिने मुलाकडे पाहिलं. तो तराजूचं पारडं पुसत होता, पुसायची काही गरज नसताना.

"बसते की," आक्का म्हणाली. "न बसायला काय झालंय?"

तेवढ्यावर नेमिनाथ समाधानाने उठला. महिन्याभरात त्याच्या दारात तशीच काळी गाडी आली. वासुदेवने जाऊन पेढाही खाल्ला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी नेमिनाथ पुन्हा दुकानात आला. इकडचं तिकडचं बोलला. जाता जाता म्हणाला, "एक स्टूल दे. प्लास्टिकचं. जरा भक्कम बघून."

वासुदेवने फळीवरून निळं स्टूल काढलं, उलटं करून पाय तपासले आणि दिलं. कशाला हवंय, असं त्याने विचारलं नाही. नेमिनाथनेही सांगितलं नाही. दोघे पाच मिनिटं स्टुलाच्या टिकाऊपणाबद्दल बोलले. त्या पाच मिनिटांत वासुदेव मनात म्हणत होता, आता सांगू, आता सांगू. नेमिनाथ स्टूल काखेत मारून गेला, आणि सांगायचं राहिलं.

दिवस गेले. पद्मावती कुठे तीर्थाला गेल्याचं कुणी ऐकलं नाही. नेमिनाथची गाडी कापडाखाली झाकलेली असायची. इकडे आक्काचंही फिरणं थांबलं ते थांबलंच. आधी ती वाडीला जायची, म्हणून देवळापर्यंत जायची. देवळापर्यंत जायची, म्हणून जिना उतरायची. एक सुटलं तशी पुढची सुटत गेली. आता ती वाती वरच बसून वळायची. सोनामावशीशी फोनवर बोलायची. मावशी तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. तिलाही ती गाडी चढणं शक्य नव्हतं. अशी दोन वर्षं गेली.

मग एका सकाळी सत्याप्पा नावाचा गिरणीवाला पायरीवर येऊन बसला. नेमिनाथही तिथेच चहा पीत होता. सत्याप्पा म्हणाला, "तुम्हा दोघांकडे एकसारखीच गाडी आहे, म्हणून दोघांनाही विचारतो. माझ्या म्हाताऱ्याला आठवड्यातनं दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. त्याला चढाय जमंल काय?"

वासुदेव काही बोलायच्या आत नेमिनाथने कप खाली ठेवला. "काय त्रास नाही," तो म्हणाला. "आमची ही बसते की."

वासुदेवला आपलेच शब्द परत मिळाले होते. फक्त आक्काच्या जागी पद्मावती होती. त्याला वाटलं, आता हा सत्याप्पाही महिन्याभराने स्टूल मागायला येईल, आणि मी त्यालाही भक्कम बघून देईन.

"नाही बसत," वासुदेव म्हणाला. "नेमाची बायको बसत नाही. माझी आई बसत नाही. दोन वर्षं झाली, ती बहिणीकडे गेलेली नाही. गाडी दणकट आहे, लांबच्या रस्त्याला चांगली आहे, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसासाठी नाही. तू ठेंगणी घे, सत्याप्पा."

सत्याप्पा दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि काहीतरी निमित्त काढून निघून गेला. त्याने पुढे छोटी गाडी घेतली. त्याचा म्हातारा त्यात आपल्या पायांनी बसतो.

नेमिनाथने कप पायरीच्या कडेला सरकवला. मग म्हणाला, "तुझा शब्द खाली पडू नये म्हणून मी गावभर खोटं सांगत आलो. हे तू त्या दिवशी का नाही बोललास, वासू?"

"लाज वाटली."

"हिनं बॅग भरून ठेवली होती," नेमिनाथ म्हणाला. "परवा तिनं ती रिकामी केली." आणि तो उठला. त्यानंतर तो पायरीवर चहाला आला नाही. भेटला की बोलतो, पण रस्त्यातल्या रस्त्यात.

वासुदेवने पुढच्या आठवड्यात ती काळी गाडी विकली आणि एक जुनी, ठेंगणी गाडी आणली. गुरुवार बघूनच आणली. धावत वर गेला. "आक्का, चल. मावशीकडे जाऊ."

आक्काचा चेहरा उजळला. तिने पातळ बदललं. जिन्याच्या तोंडाशी आली. कठडा धरून एक पायरी उतरली, दुसरी उतरली, आणि तिसरीवर तिचे गुडघे थरथरायला लागले. ती तिथेच बसली. अजून आठ पायऱ्या होत्या.

"नाही रे जमत आता," ती म्हणाली. मग जरा वाकून, उघड्या दारातून दिसेल तेवढी गाडी तिने बघितली. "बेस हाय. ठेंगणी हाय." कठड्याला टेकून म्हणाली, "त्या दिवशी मास्तरांना मी नाही म्हणाय पायजे हुतं. तुझी लाज राखाय गेले. चूक माझीपण हाय."

वासुदेव तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि रडला. आक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो उठला, तिला आधार देऊन वर नेलं, आणि एकटाच गाडी घेऊन नदीपलीकडे गेला.

दुपारी सोनामावशी आली. दुरडीत भडंग होतं. कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांना थांबत, तिने तो जिना चढला. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघीही दोन वर्षांत बऱ्याच वाकल्या होत्या. नातेवाइकांची उणीदुणी काढायला त्यांना थोडा वेळ लागला.

"गाडी चांगली हाय गं," भडंग पुढे सरकवत मावशी म्हणाली. "मी आपली आपण बसले. तुला कशी वाटली?"

आक्काने दाराबाहेर बघितलं. वासुदेव तिथेच उभा होता.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "मी कुठं बसलीया तिच्यात?"

तात्पर्य: आपली चूक वेळीच कबूल केली तर लाज एका दिवसाची असते, ती झाकत बसलं तर आपल्याच माणसांना आपल्यासाठी खोटं बोलावं लागतं, आणि त्यात त्यांचे गेलेले दिवस कुणालाही परत आणून देता येत नाहीत.