चिंचोक्यांचा नकाशा

ज्या काळी गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारे होती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका मोठ्या नगरात एक प्रधान होते. राजाने त्यांच्याकडे एकच काम सोपवले होते. लोकांची पायपीट वाचावी म्हणून वीस बैलगाड्या रोज ठरल्या वाटेने नगरात फिरवायच्या. कोणीही चढावे, कोणीही उतरावे.

प्रधान हुशार होते, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना ठाऊकही होते. राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी सारे नगर न्याहाळले आणि कापडावर गाड्यांच्या वाटा आखल्या. वाटा दिसायला सुरेख होत्या. साऱ्या राजवाड्याच्या दारातून निघत आणि सरळ वेशीपर्यंत जात. तो नकाशा त्यांनी आपल्या दिवाणखान्यात टांगला. येणारे-जाणारे तो पाहून माना डोलवत.

गाड्या मात्र रिकाम्या फिरत आणि माणसे त्यांच्या शेजारून पायी चालत.

दोन वर्षे असेच चालले. मग राजाने प्रधानांना बोलावून घेतले.

"तुमचे बैल पोटभर खातात आणि गाड्यांत बसून वारा फिरतो," राजा म्हणाला. "दसऱ्यापर्यंत गाड्या भरलेल्या दिसल्या नाहीत, तर बैल जातील किल्ल्याच्या दगडकामाला आणि तुम्ही जाल घरी."

प्रधानांच्या तोंडचे पाणी पळाले. या गाड्या म्हणजे त्यांच्या जन्माची कमाई होती. ते तडक गाडीतळावर गेले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीत चढून बसले. दोन वर्षांत हे त्यांना सुचले नव्हते, कारण त्यांना मेणा होता.

गाडीत एकच उतारू होती. मडक्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी कुंभारीण. विहिरीपाशी चढ लागला, बैल मंदावले आणि म्हातारी पाटीसकट खाली उतरली.

"अगं बाई, इथं थांबा नाही!" प्रधान ओरडले.

"थांबा न्हाई, पन चढ हाय," म्हातारी म्हणाली. "बैल हळू व्हत्यात, तेवढ्यात आमी उतरतो. बाजार ह्या बोळाच्या पल्याड हाय. तुमचा थांबा तिकडं राजाच्या बागंत. थितं मडकी कोन घेनार, मोर?"

गाडीवान गालातल्या गालात हसला. त्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पण त्याला कोणी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रधानांनी दवंडी पिटवून लोकांना चावडीपुढे जमवले आणि विचारले, "गाडी कुठून न्यावी?"

एकच गलका उडाला. सावकार म्हणाला, माझ्या दारावरून. न्हावी म्हणाला, माझ्या दुकानावरून. एकाच घरात राहणारे दोघे सख्खे भाऊ, गाडी पुढच्या दारावरून न्यावी की मागच्या, यावरून हमरीतुमरीवर आले.

"बघितलंत?" प्रधान वैतागून म्हणाले. "म्हणूनच मी लोकांना विचारत नव्हतो."

तेव्हा ती कुंभारीण पुढे आली. "रागावू नगा प्रधानजी, पन तुमी इचारलंतच वाकडं. गाडी कुठं पायजे म्हनलं, की जो तो आपलंच दार दावनार. चालून चालून पाय कुठं दुखत्यात, ते इचारा. त्ये समद्यांस्नी नीट सांगता येतंय."

प्रधानांना हे झोंबले. प्रश्न कसा विचारावा हे आपल्याला एका कुंभारणीने शिकवावे! पण दसरा वीस दिवसांवर आला होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. प्रधानांना ती नेमकी गरजेपोटीच आली.

बाजारातल्या मोकळ्या जागेत त्यांनी चुन्याने सारे नगर रेखून घेतले. वाड्या, बोळ, विहिरी, घाट, सगळे. मग सांगितले, "रोज जिथं चालून जीव मेटाकुटीला येतो, तिथं प्रत्येकानं एक चिंचोका ठेवावा. माणशी एकच."

सात दिवस लोक येत राहिले. पाणक्या आला, माळीण आली, सुईण आली. एका आंधळ्या गवयाने, देवळापासून घरापर्यंत आपल्याला किती पावले पडतात ते सांगून दुसऱ्याच्या हातून चिंचोका ठेववला. सावकाराने हळूच आपल्या दारापुढे मूठभर चिंचोके टाकले. माळणीने ते पाहिले.

"सावकार, पाय दोनच हायेत न्हवं तुमास्नी?" ती म्हणाली. सगळे हसले आणि सावकाराने एक ठेवून बाकीचे उचलले.

सातव्या दिवशी प्रधान पाहायला आले. कुंभारवाड्यापासून विहिरीवरून बाजारापर्यंत चिंचोक्यांची दाट रांग लागली होती. दुसरी रांग धुण्याच्या घाटापासून वैद्याच्या घरापर्यंत गेली होती. या दोन्ही वाटांवर आजवर एकही गाडी फिरली नव्हती. राजवाड्याच्या सरळ वाटांवर चुना पहिल्या दिवसासारखाच पांढरा होता.

प्रधानांना फार वाईट वाटले. दोन वर्षे आपण लोकांच्या डोक्यावरून पाहत होतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळले. त्यांनी गाडीवानाला विचारले, "विहिरीच्या बोळातून गाडी जाईल?"

"जोडी न्हाई मावायची," गाडीवान म्हणाला, "पन एका बैलाचा छकडा सहज जाईल."

प्रधान घरी गेले आणि दिवाणखान्यातला नकाशा त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला.

दसऱ्याच्या सकाळी राजा राजवाड्याच्या दारात आला. दारात एकही गाडी नव्हती.

"गाड्या कुठं गेल्या?" राजाने दरडावून विचारले.

"लोकांकडे, महाराज," प्रधान म्हणाले. "पाहायच्या तर आपल्याला थोडं चालावं लागेल."

राजा निघाला. चालायची सवय नव्हती, ऊन चढत होते. बाजाराच्या तोंडाशी येईतो त्याचे पाय भरून आले. इतक्यात एक छकडा आला. राजाने हात केला.

गाडीवानाने खाली उतरून मुजरा केला. "माफी असावी महाराज, गाडी भरलीया. म्हातारी मानसं हायेत, उतरवू कुनाला? मागची येतीया."

प्रधानांनी डोळे मिटून घेतले.

राजाने गाडीतल्या माणसांकडे पाहिले. मग तो रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसला आणि मागच्या गाडीची वाट पाहू लागला. तीही भरून आली. तिसऱ्या गाडीत त्याला जागा मिळाली, तीसुद्धा दाटीवाटीने.

बैल दगडकामाला गेले नाहीत. उलट राजाने आणखी दहा गाड्या करायला सांगितल्या, आणि त्यांच्या वाटा ठरवण्यासाठी प्रधान मेण्यात न बसता पायीच बाजाराकडे निघाले.

तात्पर्य : ज्यांना वाट चालायची असते, त्यांना विचारल्याखेरीज वाट आखू नये.