जुन्या शाफ्टची पकड

गाड्यांचे भाग आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाचं बळ मागच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा एक पोलादी शाफ्ट होता. इमानी, पण भारी जड. त्याला फिरवता फिरवता म्हातारं इंजिन घाटात धापा टाकू लागलं.

इस्माईल मिस्त्रींनी दोन हलक्या नळ्या आणल्या आणि शाफ्टलाच विचारलं, "तुझ्या जागी कोणाला बसवू?"

अ‍ॅल्युमिनियमची नळी म्हणाली, "मला. माझ्यात काही उणं नाही."

कार्बन फायबरची काळी नळी म्हणाली, "मी हिच्याहून हलकी. पण माझी टोकं सांध्यात टिकणार नाहीत, झिजतील."

"हिलाच घ्या," शाफ्ट म्हणाला. "हिला आपलं उणं ठाऊक आहे. माझी दोन्ही टोकं कापून हिला लावा."

"मग तू भंगारात जाशील रे," मिस्त्री म्हणाले.

"या इंजिनानं जन्मभर माझा भार कुरकुर न करता फिरवला. तेवढं तरी फेडू द्या."

मिस्त्रींनी तसंच केलं. गाडी घाट सहज चढली. इंजिन म्हणालं, "पोरी, तुझे फार उपकार झाले."

"मी नुसती मधली," काळी नळी म्हणाली. "तुमचा हात धरलाय तो अजून जुन्या शाफ्टच्या टोकांनीच."

इंजिनानं एक फेरा हळूच घेऊन पाहिला. पकड ओळखीचीच होती.