डाव्या बाजूचं मडगार्ड

“म्हणजे गेल्या साठ वर्षांत इटलीवाले काहीच शिकले नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?”

अवधूतने हातातली कानस फळीवर आपटली.

इस्माईल उस्ताद स्टुलावर बसून चहा फुंकत होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पन्नास वर्षं त्यांनी गाड्यांचे पत्रे ठोकले होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता.

“मी कुठं काय म्हटलं? मी म्हटलं, दाराला कानस लावू नकोस.”

शेडच्या मधोमध एक लाल इटालियन गाडी उभी होती. दोनच सीटची, साठ सालच्या आसपासची. झाड पडून तिचं डावं मडगार्ड चेपलं होतं. अवधूतने चार महिने खपून नवं केलं. उजव्या मडगार्डवर पुठ्ठे धरून मापं घेतली, पुठ्ठे उलटे केले आणि त्याबरहुकूम पत्रा ठोकला. आरशात बघावं तसं उजव्याचं डावं.

ते बसत नव्हतं. दिव्यापाशी जुळायचं, दारापाशी करंगळीभर बाहेर राहायचं.

उस्तादांची एक रीत होती. शिष्याचं पहिलं काम ओढाताण न करता गाडीवर बसलं, की त्याला ते स्वतःची एक हातोडी देत. ती घेऊनच अवधूतला सोमवारी पुण्याला जायचं होतं, कंपनीत नोकरीवर. तिथं गाड्या कॉम्प्युटरवर आखत.

“माझ्या मापात चूक नाही, उस्ताद. गाडीच वाकडी आहे. दार जरा घासलं की बसतंय.”

“मूळचं दार आहे ते, लेका. घासलेलं परत येत नाही.”

“पण चूक त्यांची आहे! म्हणून तर पुढं सुधारले ते.” अवधूतने भिंतीकडे बोट केलं. तिथं त्यानेच चिकटवलेली चित्रं होती. “ही साठची, नदीतल्या गोट्यासारखी गोल. सत्तरला पाचर झाली, धार लावलेली. ऐंशीत मागं पंख आले. पुढं कार्बनचं अंग... आणि ही आत्ताची. डावं-उजवं केसाएवढं इकडंतिकडं नाही.”

उस्ताद चित्रांच्या दिशेने बघत राहिले. त्यांना ती दिसत नव्हती.

“देखणी असणार.”

“मग?”

“मग तुझं मडगार्ड तिच्यासारखं झालंय. बसवायचंय या गाडीला.”



उस्तादांनी कप खाली ठेवला. दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

“पाणी ओत.”

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. तरुणपणी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलेली.

“गळेल, उस्ताद.”

“ओत रं.”

अवधूतने तांब्या कलता केला. उस्तादांची उजवी करंगळी हळूच खालून सरकली आणि रिकाम्या जागेला टेकली. उजवा तळवा किंचित तिरका झाला.

ओंजळ भरली. थेंबही खाली पडला नाही.

उस्ताद पाणी प्यायले. ओले हात लेंग्याला पुसले. मग पत्रा चाचपायचं मलमलचं एक मऊ फडकं अवधूतच्या हातात दिलं.

“जुनं मडगार्ड आण कोपऱ्यातलं. आतल्या बाजूनं हात फिरव. डोळे मीट.”

बाहेरचा रंग गुळगुळीत होता. आत मात्र हातोडीचे ठोके तसेच राहिले होते. बारीक, एकमेकांना लागून, घाबरत घाबरत मारल्यासारखे.

“आता उजव्याच्या आत.”

तिथले ठोके मोठे होते. ऐसपैस.

अवधूतचा हात थांबला.

“उस्ताद... ही दोन माणसं आहेत.”

“हं.”

“एकानं उजवी बाजू केली. दुसऱ्यानं...”

“डावीकडचं दार बघ.”

दाराचं अस्तर काढलेलंच होतं. अवधूतने आत फडकं फिरवलं. बारीक ठोके. एकमेकांना लागून.

तो सरळ झाला. मग त्याने पाना घेतला आणि स्वतःच्या मडगार्डचे बोल्ट एकेक करून सोडवले. चार महिन्यांचं ते काम त्याने अलगद भिंतीला टेकवून ठेवलं.

“पुण्याला कळवतो. सोमवारी जमणार नाही म्हणून.”

“दुसरा कुणी घेतला त्यांनी, म्हणजे?”

“घेऊ दे.”

तो जमिनीवर मांडी घालून बसला. चेपलेलं मडगार्ड मांडीवर घेतलं, आत हात घातला, डोळे मिटले.

उस्ताद उठले. चाचपडत फळीपाशी गेले. परत आले आणि त्याच्या गुडघ्याजवळ स्वतःची एक हातोडी ठेवली.

मडगार्ड अजून व्हायचंच होतं.

“तो डावीकडचा कारागीर भेटला,” उस्ताद म्हणाले, “तर माझा सलाम सांग त्याला.”